पदवी, पद आणि पोट

भिलाईत वाढलेल्या मुलाला १९५९ हे साल शाळेतच पाठ होते. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. आणि दिल्लीतच, त्याच वर्षी, मूळ रायपूरच्या हबीब तन्वीर यांनी मोनिका मिश्र यांच्यासोबत ‘नया थिएटर’ ही नाटकमंडळी काढली. कारखाना, विद्यालय आणि मंडळी; तेव्हा तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण ‘नाटक शिकून पोट भरते का?’ या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगडात शोधायचे झाले, तर ते या तिघांच्या इतिहासातच सापडते.

प्रश्न जुना आहे, आणि बारावीचे निकाल लागले की भिलाईत दरवर्षी नव्याने ऐकू येतो. हे शहर प्रमाणपत्रांच्या पायावर उभे आहे. आयटीआय, डिप्लोमा, बी.ई. या प्रत्येक कागदाला कारखान्यात एक ठरलेले पद होते, पदाला श्रेणी होती, आणि श्रेणीवर क्वार्टर किती खोल्यांचे मिळणार हेही ठरत असे. अशा गावात ‘मला नाटकात पदवी घ्यायची आहे’ असे एखादी मुलगी म्हणाली, की घरचे पहिला प्रश्न विचारतात तो रसिकतेचा नसतो. या कागदाला कोणते पद आहे, असे ते विचारतात. मला हा प्रश्न क्षुद्र वाटत नाही. अनुवाद करताना ‘पदवी’ या शब्दापाशी मी अनेकदा थांबले आहे. संस्कृतात त्याचा अर्थ वाट असा होतो. मराठीत तो विद्यापीठाच्या कागदाला लागला, आणि ‘रावबहादूर’सारख्या किताबालाही. हिंदीतही ‘उपाधि’ म्हणजे विद्यापीठाचा कागद आणि किताब, दोन्ही. वाट, मान आणि कागद असे तिन्ही अर्थ मराठीने एका शब्दात ठेवले आहेत. नाटकाच्या पदवीचा आर्थिक हिशेब मांडताना हे तिन्ही वेगळे करून पाहावे लागतात.

आधी कागद नव्हता तेव्हाचे पाहू. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यात नाचा हा लोकनाट्यप्रकार रात्रभर चालत असे. नाचा मंडळीतले लोक दिवसा शेतकरी, शेतमजूर, न्हावी, कारागीर असत. गाव त्यांना बयाणा देऊन बोलावी. खेळ रंगला की प्रेक्षकांतून एखादा नटाला हाक मारून पैसे देई. याला तिकडे मोंजरा म्हणतात. तमाशातली दौलतजादा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा व्यवहार समजावून सांगायला नको. कौशल्याची किंमत त्याच रात्री, त्याच मांडवात, रोख मिळे. मात्र ती किंमत त्या रात्रीपुरतीच असे. पावसाळ्यात खेळ नाही, आजारपणात खेळ नाही, म्हातारपणात तर नाहीच.

या व्यवहारात घरचे पैसे घालणारेही होते. राजनांदगावजवळच्या रवेलीचे मालगुजार घराण्यातले दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी विखुरलेल्या कलावंतांना एकत्र आणून नाचाला मंडळीचे रूप दिले आणि त्यापायी आपली जमीनजुमला घालवली. आज छत्तीसगड सरकार लोककलेसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देते. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा मोठा रंगमंचीय प्रयोग उभा केला, तोही मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर. आडनाव पाहून मराठी वाचकाने त्यांना आपला समजू नये. ते छत्तीसगडी कुर्मी समाजाचे होते. म्हणजे कारखाना येण्याआधी आणि आल्यावरही इथल्या रंगभूमीचा खर्च दोन ठिकाणांहून निघत होता: कलावंताच्या दिवसाच्या मजुरीतून आणि दाऊंच्या जमिनीतून. दोन्ही संपणाऱ्या गोष्टी होत्या.

कागद आला तो १९५६ मध्ये. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला राजवाडा संगीत आणि ललित कलांच्या विद्यापीठासाठी दिला. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलीच्या नावाने ते इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय झाले. तिच्या वाढदिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुरुवातीच्या वर्षांत तिथे कुलगुरू म्हणून आले ते पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंडे यांचे शिष्य. घराण्यात, गुरूच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या अभ्यासक्रमात, वर्षांत आणि परीक्षेत बसवण्याचे जे काम भातखंड्यांनी सुरू केले होते, त्याचाच हा पुढचा टप्पा. राजवाडा विद्यापीठ होणे हे त्या काळाचे नेमके चित्र आहे. संस्थाने विलीन झाली होती. कलावंताला पोसणारा राजा राहिला नव्हता. त्याच्या जागी सरकार येणार होते, आणि सरकार मर्जीवर पैसे देत नाही. त्याला कागद लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. खैरागढ आणि नागपूर तेव्हा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत ती वेगळी झाली. या दोन घटनांत कार्यकारण शोधणे चुकीचे ठरेल. पण पदवीच्या किमतीबद्दल बोलताना दोन्ही शेजारी ठेवाव्यात असे मला वाटते. घरात कला होती, जमीन होती, आडनाव होते, त्यांच्यासाठी पदवी हा एक दागिना होता. ज्यांच्या पाठीशी यातले काहीच नव्हते, त्यांना जात न विचारता दार उघडायला लावणारी दुसरी किल्ली नव्हती. आंबेडकरांनी आयुष्यभर शिक्षणावर आणि पदव्यांवर जो भर दिला त्यामागे हा साधा हिशेब होता. हे लक्षात ठेवूनच पुढे जायला हवे, कारण नाटकाच्या पदवीची थट्टा बहुधा तेच करतात ज्यांना ती नसल्याचा तोटा कधी झालेला नसतो.

आता हबीब तन्वीर. त्यांचे कॉलेज नागपूरचे मॉरिस कॉलेज. रायपूरच्या हुशार मुलाची वाट तेव्हा नागपूरकडेच जात असे. १९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाले, आणि तो अभ्यासक्रम पुरा न करता ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये गेले. ब्रिस्टल या एकाच शहरात तेव्हा दोन वेगळ्या वाटा होत्या. तिथल्या विद्यापीठात १९४७ मध्ये ब्रिटनमधला पहिला नाट्यविभाग सुरू झाला होता. तिथे नाटक हा अभ्यासाचा विषय होता. ओल्ड विकच्या शाळेत नाटक ही कारागिरी होती. तन्वीर कारागिरीच्या शाळेत गेले. नंतर युरोपात हिंडले, बर्लिनला पोहोचले तेव्हा ब्रेख्त नुकतेच वारले होते, पण त्यांची नाटके त्यांच्याच मंडळींनी केलेली तन्वीरांना पाहता आली.

१९५८ मध्ये परतल्यावर त्यांनी ‘मिट्टी की गाडी’ बसवले, आणि त्यात छत्तीसगडचे सहा नाचा कलावंत घेतले. इथून जे घडले ते प्रशिक्षणाच्या किमतीबद्दल बरेच काही सांगते. पुढची बरीच वर्षे हे कलावंत तन्वीरांच्या नाटकांत अडखळत राहिले. गावच्या मांडवात जे रात्रभर प्रेक्षकांना धरून ठेवत, ते दिल्लीच्या रंगमंचावर ताठ होत. तन्वीरांनीच पुढे याची दोन कारणे सांगितली. एक, ते त्यांना हिंदीत बोलायला लावत होते. दोन, शाळेत शिकलेल्या पद्धतीने ते त्यांच्या हालचाली आधीच आखून देत होते: या ओळीला तीन पावले डावीकडे, त्या ओळीला वळायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन्ही सोडले. १९७३ मध्ये रायपूरला नाचाची कार्यशाळा घेतली, आणि कलावंत छत्तीसगडीत बोलू लागताच मोकळे झाले. म्हणजे इंग्लंडच्या शिक्षणाने तन्वीरांना जे दिले त्यातला एक भाग त्यांना विसरावा लागला. उरलेला भाग म्हणजे नाटकाची रचना, संहितेची जाण, काय कापायचे याची नजर. तो मात्र कामी आला.

१९७४ मध्ये अशीच कार्यशाळा भिलाईत झाली. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवरून तिथे एक लहानसे नाटक आकाराला आले आणि उघड्या मैदानात, मोठ्या संख्येने जमलेल्या सतनामी प्रेक्षकांसमोर झाले. खरे बोलण्याचे व्रत पाळणारा चोर ही कल्पना, सत्यालाच नाम मानणाऱ्या पंथाच्या लोकांना भिडली यात नवल नाही. १९७५ मध्ये त्याचे ‘चरणदास चोर’ झाले. पंथी नर्तक देवदास बंजारे यांचा चमूही त्याच्याशी जोडला गेला. श्याम बेनेगल यांनी त्यावर मुलांसाठी चित्रपट केला, त्यात स्मिता पाटील होत्या. १९८२ मध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात या नाटकाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. जगभरच्या नाट्यविभागांत आज जे भारतीय नाटक शिकवले जाते, त्याचा पहिला आकार पोलादाच्या या गावात झाला. त्यात काम करणाऱ्या लालूराम, मदनलाल, ठाकुरराम, फिदाबाई, गोविंदराम यांच्यापैकी कोणाकडेही नाटकाची पदवी नव्हती. बहुतेकांची शाळाही अर्ध्यात सुटली होती, किंवा सुरूच झाली नव्हती.

म्हणून पदवी निरुपयोगी, असा निष्कर्ष इथे काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. या कलावंतांना घरी पैसे कसे जात होते ते आधी पाहायला हवे. तन्वीर दिल्लीत होते, इंग्रजीत अर्ज करू शकत होते, परदेशात शिकलेले होते, १९७२ ते १९७८ राज्यसभेचे सदस्य होते. सरकारी अनुदान, परदेश दौरे, महोत्सवांची आमंत्रणे या सगळ्याची भाषा त्यांना येत होती. नाचाच्या कलावंतांचे कौशल्य आणि सरकारी खजिना यांच्यामध्ये एका शिकलेल्या माणसाने पूल बांधला. अनुवादक म्हणून मला हा पूल ओळखीचा वाटतो. मूळ लेखकाला आपल्या भाषेत जे साध्य झाले त्यात अनुवादकाचे श्रेय काही नसते, पण पलीकडच्या प्रकाशकाकडून मानधन यायचे तर कोणीतरी मध्ये उभे राहावे लागते. नया थिएटरमध्ये पदवीची किंमत एका माणसाने कमावली आणि ती सगळ्या मंडळीत वाटली गेली. त्या वाटणीत कलावंतांना पगार मिळाला. मात्र हक्काचे पद मिळाले नाही.

पद मिळाले ते दुसऱ्याच एका कलावंताला, आणि ते कारखान्याने दिले. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पारधी समाजातल्या. वयाच्या तेराव्या वर्षी जवळच्याच चंद्रखुरी गावात त्यांनी पंडवानीचा पहिला जाहीर प्रयोग केला, तो दहा रुपयांवर. बाईने बसून गायचे अशी रीत असताना त्यांनी उभे राहून, तंबोऱ्याची गदा करत, कापालिक शैलीत महाभारत सांगायला सुरुवात केली. समाजाने त्यांना बाहेर काढले. हबीब तन्वीरांनी त्यांना हेरले, मोठे मंच मिळू लागले. आणि १९८० च्या दशकात भिलाई स्टील प्लांटने त्यांना नोकरीत घेतले. पुढे पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१९ मध्ये पद्मविभूषण, मानद डी.लिट. अशी माळ लागली. या यादीतल्या गोष्टींची आर्थिक किंमत वेगवेगळी लावून पाहावी. पद्म पुरस्कारांबरोबर पैसा येत नाही. मानद डी.लिट. ही पदवी असली तरी तिच्या बळावर कुठे अर्ज करता येत नाही. ती ‘पदवी’ या शब्दाच्या दुसऱ्या, किताबाच्या अर्थाने पदवी आहे. महिन्याच्या महिन्याला घरी येणारी रक्कम, दवाखाना आणि भविष्यनिर्वाह निधी हे पोलादाच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आले. सार्वजनिक उद्योगाने कलावंताला कागद न मागता पद दिले, ही भिलाईच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. पण तो अपवाद होता, आणि अपवाद मागता येत नाही.

कारखान्याच्या पगारावर नाटक करणाऱ्यांत इथे इतरही होते. पाळी संपवून संध्याकाळी तालमीला येणारे कर्मचारी भिलाईच्या हिंदी, बंगाली, मराठी हौशी रंगभूमीला वर्षानुवर्षे चालवत आले. हे काही फक्त भिलाईचे नाही. महाराष्ट्राची प्रायोगिक रंगभूमी ज्या पगारांवर उभी राहिली ते आठवून पाहा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी., पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजात अनेक वर्षे नोकरीत. बँका, विमा कंपन्या, शाळा यांत नोकरी करून नाटक करणाऱ्यांची तर गणतीच नाही. मराठी नाटकाला ज्या पदवीने पैसा पुरवला ती वैद्यकीची, विज्ञानाची, वाणिज्याची होती. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला ‘नाइट’ मिळते ती त्याच्या नावाला आणि तिकीटखिडकीला पाहून. तिथे निर्माता गुणपत्रिका मागत नाही. मलाही प्रकाशकाने माझी तौलनिक साहित्याची गुणपत्रिका कधी मागितली नाही. पानामागे मिळणारा दर एम.ए. झाल्यामुळे एका रुपयानेही वाढला नाही. पण सरकारी कार्यालयातल्या अनुवादकाच्या पदाची जाहिरात निघते तेव्हा पहिली अट एम.ए.ची असते.

नाटकाच्या पदवीचेही असेच आहे. तिची रुपयांतली किंमत रंगमंचावर ठरत नाही. ती कचेरीत, वेतनश्रेणीच्या तक्त्यात ठरते. राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवी देत नाही, तीन वर्षांची पदविका देते. भारतीय विद्यापीठ संघाने ही पदविका महाविद्यालयात शिकवण्यासाठी आणि पीएच.डी.च्या नोंदणीसाठी एम.ए.शी समतुल्य मानली आहे. एका ओळीची ही मान्यता. पण एखाद्या नटासाठी आयुष्यभराचा फरक त्या ओळीत आहे. २००५ मध्ये या विद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. काही वर्षांनी विद्यालयाने तो स्वतःहून परत केला, कारण विद्यापीठाच्या नियमांत नाट्यशिक्षणाची मोकळीक बसेना. समतुल्यता हवी, चौकट नको, अशी ही भूमिका होती. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या नाट्यशाळेलाच ती परवडू शकत होती.

बाकीच्यांनी चौकट स्वीकारली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० च्या सुमारास नाट्यशिक्षण सुरू झाले होते. मराठवाड्यात कमलाकर सोनटक्के यांनी विद्यापीठाचा नाट्यविभाग उभा केला. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र आले; १९९६ मध्ये आळेकर वैद्यकीय महाविद्यालयातली नोकरी सोडून त्याचे संचालक झाले. २००३ मध्ये मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स वामन केंद्रे यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली. खैरागढलाही नाट्यविभाग झाला. केंद्रे आणि सोनटक्के दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. म्हणजे पदविकेने त्यांना जे दार उघडले ते दुसऱ्या नाट्यविभागाचे होते.

आकडे मांडून पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्यासाठी एम.ए. आणि नेट लागते. नेटच्या विषयांत नाट्यकला आहे. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत, म्हणजे नाटकमंडळ्यांना मिळणाऱ्या अनुदानात, गुरूला महिना १५,००० रुपये आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये असा दर आहे. गुरू म्हणजे इथे मंडळीचा प्रमुख, कदाचित तीस-चाळीस वर्षे रंगमंचावर घालवलेला. त्याच्या हातात येणारी रक्कम पंचविशीतल्या नेट झालेल्या प्राध्यापकाच्या मूळ वेतनाच्या जवळपास एक चतुर्थांश. हाच नाटकाच्या पदवीचा आर्थिक मोबदला, कागदावर मांडलेला. अडचण अशी की कायम पदे मोजकी, आणि ती भरली जात नाहीत. पदवीधरांपैकी अनेक जण महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि छत्तीसगडात अतिथी व्याख्याता म्हणून शिकवतात. तिथे मूळ वेतनाचा तक्ता लागू होत नाही. पद नसलेल्या पदवीला मग फक्त वाट एवढाच अर्थ उरतो.

बाहेरच्या जगातही चित्र फार वेगळे नाही. योगायोग असा की अमेरिकेत नाटकाची पहिली पदवी पोलादाच्याच शहरात सुरू झाली. पिट्सबर्गचे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०० मध्ये कामगारांच्या मुलांसाठी तांत्रिक शाळा काढायला पैसे दिले. त्या संस्थेने १९१४ मध्ये नाट्यविभाग उघडून पदवी अभ्यासक्रम सुरू केला. भिलाईत कारखान्याने कलावंताला नोकरी दिली. पिट्सबर्गमध्ये कारखान्याच्या नफ्याने नाटकाला पदवी दिली. अलीकडे, २०२० मध्ये, लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने ब्रिटनमधल्या पदव्यांचा आयुष्यभराच्या कमाईवर होणारा परिणाम करनोंदींवरून मोजला. सर्जनशील कलांच्या पदव्यांचा सरासरी आर्थिक लाभ नगण्य निघाला. असे आकडे खरे असतात आणि त्यांकडे डोळेझाक करू नये. मात्र ते पदवीधराची तुलना पदवी न घेतलेल्या त्याच्याच समाजातल्या माणसाशी करतात. छत्तीसगडात पदवी नसलेला कलावंत करनोंदीत येतच नाही. त्याचा बयाणा, त्याचा मोंजरा, त्याचे न मिळालेले निवृत्तिवेतन कोणत्याही तक्त्यात नाही.

गोविंदराम निर्मलकर यांचे उदाहरण इथे टाळता येत नाही. राजनांदगावजवळच्या मोहारा गावचे हे नट. चरणदासची भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे केली, देशविदेशांत केली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या शेवटच्या काळातल्या आजारपणाच्या आणि हलाखीच्या बातम्या छत्तीसगडच्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. २०१४ मध्ये ते गेले. त्यांच्या अभिनयावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला तर तो पीएच.डी. होईल, नेट सुटेल आणि ५७,७०० च्या वेतनश्रेणीत जाईल. स्वतः गोविंदरामना त्या विभागात नाचा शिकवायला कायम पदावर नेमणे नियमात बसले नसते. ज्ञान त्यांच्याकडे होते, पात्रता त्यांच्याकडे नव्हती. हा दोष त्या काल्पनिक विद्यार्थ्याचा नाही, कदाचित तोच मोहाराच्या शेजारच्या गावचा असेल, घरातला पहिला पदवीधर असेल. पण पदवीची किंमत अशा रीतीने वाढली की ज्यांच्यामुळे तो विषय अभ्यासण्याजोगा झाला तेच दाराबाहेर राहिले, हे १९५६ मध्ये राजवाडा देणाऱ्यांच्या मनात खात्रीने नव्हते.

तेव्हा बारावी झालेल्या त्या मुलीला काय सांगायचे? इतिहासातून निघणारे उत्तर मी तिच्या आईवडिलांना असे देते. नाटकाची पदवी नट बनवत नाही आणि प्रयोगाचे पैसे वाढवत नाही. त्यासाठी ती घेऊ नये. ती शिकवण्याच्या, अर्ज करण्याच्या, अनुदानाची भाषा वाचण्याच्या जागा उघडते, आणि या जागा थोड्या आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: कायम शिक्षक किती, गेल्या पाच वर्षांत नेट किती जणांची झाली, आणि प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा यांसारखी हाताला काम देणारी तंत्रे प्रत्यक्ष शिकवतात की फक्त लिहून घेतात. शुल्काची तुलनाही करावी: सरकारी विद्यापीठात हा प्रयोग परवडतो, मोठ्या शुल्काच्या खासगी संस्थेत कर्ज काढून करण्याजोगा तो नाही. ज्या घरात दुसरा पगार आहे त्या घराला तीन वर्षे थांबता येते. ज्या घरात नाही, तिथे आधी शिक्षकी पदविका किंवा दुसरी नोकरीची पदवी आणि सोबत नाटक, हा लागू-आळेकरांचा मार्ग अजूनही बंद झालेला नाही. आणि मुलींच्या बाबतीत एक लाभ वेतनाच्या तक्त्यात येत नाही, तरी तो मोजावा. ‘नाटकात जाते’ म्हटले की जे घर अडवते, तेच घर ‘कॉलेजला जाते’ म्हटले की सोडते. फिदाबाईंना किंवा तीजनबाईंना हे आवरण मिळाले नव्हते. त्यांनी बाहेर पडण्याची किंमत वेगळी मोजली.

दुसरे उत्तर सरकारला आणि विद्यापीठांना द्यायचे आहे. खैरागढ भिलाईपासून दूर नाही. आजूबाजूच्या गावांत नाचा, पंडवानी, पंथी, देवार गाणी जाणणारी पिढी अजून आहे, म्हातारी होत चालली आहे. नव्या शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी तरतूद केली आहे, ज्यात पदवी नसलेल्या तज्ज्ञालाही शिकवता येते. ती ठरावीक मुदतीची आहे आणि तिचा वापर बहुधा उद्योगांतून आलेल्या मंडळींसाठी होताना दिसतो. तीच तरतूद मोहारा, गनियारी, रवेली या गावांपर्यंत नेता येईल. १९८० च्या दशकात एका पोलाद कारखान्याला, कागद न पाहता, जे एका गायिकेसाठी करता आले, ते कलेसाठीच स्थापन झालेल्या विद्यापीठाला अवघड नसावे.